खात्यावरचा वाढदिवस

सुंबरदुरेन, गुरुवार, वगेचा बाजार
(१७ एप्रिल २०२५)

पलुपी पोरी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. घरात फोन एकच, तुझ्या बापाचा, आणि तुझा निरोप आला की तो आवाज मोठा करून अंगणात ऐकतो. आपल्या कोंबड्यासुद्धा मान वाकडी करून थांबतात. मला जे विचारायचंय ते कोंबड्यांपुढे विचारण्यासारखं नाही. म्हणून दर पाचव्या दिवशी भरणारा आपला वगेचा बाजार उठल्यावर हरजांती मास्तरणीच्या ओसरीवर येऊन बसलेय. मी बोलते, ती लिहिते. पत्र सुराबायाच्या बसच्या कंडक्टरकडे देते, तो तुझ्या दुकानात टाकेल. उत्तरही त्याच्याच हाती दे.

तर, ईदला तू आलीस. सगळ्यांसारखी पायाशी बसलीस, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागितलीस. मी डोक्यावर हात ठेवला, मलाही भरून आलं. मग डोळे पुसताना बघते तर समोर रांजणाला टेकून तुझा फोन उभा. माफी माझी आणि तोंड फोनकडे. आता बाजारात ओळख ना देख अशा पोरी येऊन म्हणतात, आजी, आम्ही तुम्हाला पाहिलं, आम्हीही रडलो. चाळीस हजार लोकांनी पाहिलं म्हणे. चाळीस हजारांतल्या एकीनेही माझं तेंपे विकत घेतलं नाही.

पण मुद्दा तो नाही. त्या चार दिवसांत तू फोनकडे बघून दोन तऱ्हांनी हसत होतीस. एक हसू गिऱ्हाइकाचं. ते मला कळतं, सागाच्या पानात आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे बांधून पन्नास वर्षं मी तेच हसू विकतेय. दुसरं हसू मान खाली घालून. ते गिऱ्हाइकाला कुणी देत नाही.

कोण आहे तो?

तुझी आजी


सुराबाया, २४ एप्रिल

आजी,

इथूनच तुमचा हात कपाळाला लावते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कॅमेऱ्यापुढे उभी होते. माझं काम तुम्हाला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा सांगते. मी फोनशी बोलत नाही, फोनच्या पलीकडे बसलेल्या बायकांशी बोलते. चार तास एकेक झगा अंगाला लावून दाखवते, डोक्याचा रुमाल कसा बांधायचा ते सांगते. कुणी लिहितं, ताई, जाड बाईला होईल का? मी म्हणते, होईल, जाडी लपणार नाही पण ऐट वाढेल. त्या हसतात आणि घेतात. हे कुणाकडून शिकले ते तुम्हाला माहीत आहे. कंडक्टरने पाकीट सरळ माझ्या हातात दिलं, तर तीनशे बायकांनी एकदम लिहिलं, प्रेमपत्र कुणाचं? मी म्हटलं, आजीचं. एकीचाही विश्वास बसला नाही.

आहे एक. दमार त्याचं नाव. हसणार नसाल तर काम सांगते. मुलं फोनवर पाच-पाच जणांचे संघ करून लढाईचा खेळ खेळतात. मोठमोठ्या इमारतींत त्याचे सामने होतात, हजारो पोरं बघायला येतात, लाखभर घरून बघतात. दमार त्या सामन्यांचं समालोचन करतो. एका दमात तो जेवढं बोलतो तेवढं बाबा वर्षात बोलत नाहीत. मी तिथे संघांचे टी-शर्ट विकायला उभी होते. ऐन सामन्यात त्याचा माईक बंद पडला, त्याने माझा मागून घेतला आणि अजून परत दिलेला नाही. तो माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा आहे. मी त्याला थोरल्याच्या मानाने 'मास' म्हणते.

त्याची आई तुमच्याच बसच्या रस्त्यावर, आपल्या गावाच्या पुढे, करंगतुरीला राहते. तिथल्या पाहिंगच्या बाजारात नारळाचा गूळ विकते. वडील नाहीत.

आजी, जुलैत कंपनी त्याला वर्षभरासाठी समुद्रापलीकडे मकास्सरला पाठवणार आहे. जूनअखेर सुरो महिना लागला की लग्नाची गोष्ट कुणी काढत नाही. म्हणजे त्याआधी, जूनमध्येच त्याच्या घरच्यांनी येऊन मागणी घालायला हवी. बाबा तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि मी तुमच्या हिशेबाबाहेर लग्न करणार नाही. पण एक सांगून ठेवते, दुसऱ्या कुणाशीही करणार नाही.

पलुपी


सुंबरदुरेन, शुक्रवार, वगेचा बाजार
(२ मे)

पलुपी,

हसणार नव्हते, पण हरजांती आधी हसली आणि मग माझंही तोंड सुटलं. पोरगं दुसऱ्यांच्या खेळाकडे बघून ओरडतं आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. आपल्याकडे कोंबड्यांच्या झुंजीत हेच काम सोमो पांगळा फुकट करायचा. पण असू दे. तोंडावर पोट भरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, माझंही पोट तिथूनच भरलं. बोलणारा नवरा बरा असतो. तुझा आजोबा बोलायचा नाही. चाळीस वर्षांत त्याला काय आवडतं ते मला त्याच्या ताटात काय उरलं त्यावरून कळायचं.

तुझ्या त्या शेवटच्या वाक्याची मी नोंद घेतली. धमकी चांगली होती. आवाज माझाच वाटला.

आता ऐक. मला त्याचा जन्मदिवस हवा. कोणत्या वारी आणि कोणत्या बाजारी जन्मला, ते. लेगी, पाहिंग, पोन, वगे, क्लिवोन हे पाच बाजारवार तुम्हा शहरातल्या पोरांना ठाऊक नसणार, तर नुसती तारीख पाठव. हरजांतीकडे जुनी पंचांगं आहेत, ती तारखेवरून दिवस काढून देईल, मोजायचं मी बघते. या गावात माझ्या बोटांवर मोजल्याशिवाय एकही लग्न ठरलेलं नाही.

पण त्याला विचारू नकोस. त्याच्या घरी तर मुळीच नको. मुलीकडून जन्मदिवस विचारला गेला की अर्धी मागणी झाली असं समजतात, आणि आपण पुढे होऊन आपलं माप त्यांच्या हाती द्यायचं नाही. गुपचूप काढ. तुम्हा लोकांचं सगळंच तर त्या फोनवर टांगलेलं असतं, वाळत घातलेल्या कपड्यांसारखं.

आजी


सुराबाया, ८ मे

आजी,

गुपचूप काढली. फार कष्ट पडले नाहीत, त्याच्या फोनवरच्या खात्यावर स्वच्छ लिहिलेली आहे. २९ ऑगस्ट २०००. गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळपासून लोक त्याला शुभेच्छा देत होते, केकवर त्याने माईक काढून घेतला होता. मोजा आणि लवकर कळवा. मी इथे झगे विकताना दोनदा किंमत चुकले.

पलुपी


सुंबरदुरेन, शनिवार, वगेचा बाजार
(१७ मे)

पोरी,

हे पत्र सांगायला मला दोन बाजार लागले. मागच्या वगेला हरजांतीच्या ओसरीपर्यंत आले आणि तशीच परत गेले.

तुझा तो दमार मंगळवारी, पाहिंगला जन्मला. मंगळवारचे तीन, पाहिंगचे नऊ, झाले बारा. तू शुक्रवारी, पोनला. तो दिवस मला पंचांगात बघायला नको, तुझी नाळ माझ्यासमोर कापली. शुक्रवारचे सहा, पोनचे सात, तेरा. बारा नि तेरा पंचवीस. त्यातून आठ-आठ काढत गेलं की उरतो एक.

एक म्हणजे ताटातूट. पंचवीस हा आकडा ऐकला की मी पुढचं बोलतसुद्धा नाही. सुपारीपर्यंत आलेली दोन लग्नं मी याच आकड्यावर मोडलीत, आणि त्या पोरी आजही बाजारात माझ्याकडूनच तेंपे घेतात.

मी तीनदा मोजलं. हरजांतीने पंचांग बदलून पाहिलं. तुझ्या बापाने विचारलं तेव्हा खोटं बोलता आलं नाही. त्याने मान हलवली आणि म्हणाला, मग त्यांना येऊ नका म्हणायचं. त्याच्या तोंडून वर्षाचा शब्द खर्च झाला.

तुझी धमकी मी विसरलेली नाही. रडायचं असेल तर ते तुझं दुसरं खातं आहे ना, कुलूप लावलेलं, मैत्रिणींपुरतं, तिथे रड. पहिल्यावर रडू नकोस. ते चाळीस हजारवाले पुन्हा बाजारात येतील.

आजी


सुराबाया, ३१ मे

आजी,

चौदा दिवस लिहिलं नाही. पहिले सात दिवस तुमच्यावर राग होता. दुकानाच्या बाईंनी सांगितलं, पलुपी, झगे विकायचेत, मयताला आल्यासारखं तोंड करू नकोस.

मग मी दमारला सगळं सांगून टाकलं. तुम्ही गुपचूप म्हणाला होतात, पण ज्याच्याशी ताटातूट होणार आहे त्याच्यापासून काय लपवायचं? आम्ही कॉफीच्या दुकानात बसलो होतो. तो विचारतो, कुठल्या तारखेवरून मोजलं? मी सांगितली. त्याने कप खाली ठेवला.

"पलुपी, मी दोन हजारचा नाही. दोन हजार दोनचा आहे."

अकरा वर्षांचा असताना गावातल्या इंटरनेटच्या दुकानात बसून त्याने ते खातं उघडलं. तेराच्या आतल्या मुलाला उघडता येत नव्हतं. मग त्याने तारीख-महिना खरा ठेवला आणि साल दोनने मागे ढकललं. त्याच्या वर्गातल्या सगळ्यांनी तेच केलं. पुढे त्याच खात्यावर त्याचं नाव झालं, कंपनीने त्याच खात्यावरून त्याला बोलावलं. पंचविशीचा समजतात म्हणून मोठी माणसं त्याचं ऐकून घेतात, तेव्हा त्याने ते तसंच राहू दिलं. माझ्यापाशीही.

म्हणजे आजी, तो माझ्याहून मोठा नाहीच. दीड वर्षाने लहान आहे. ज्याला मी वर्षभर 'मास' म्हणून थोरलेपणाचा मान दिला, तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा निघाला. त्याच्यावर कशाकशासाठी रागवायचं ते अजून ठरवते आहे. तोवर हे करा. २९ ऑगस्ट २००२. सोबत त्याच्या ओळखपत्राची नक्कल जोडली आहे. पुन्हा मोजा.

पलुपी


सुंबरदुरेन, शुक्रवार, वगेचा बाजार
(६ जून, बकरी ईद)

पलुपी,

आज बाजार अर्धाच भरला, मटण घरोघरी पोचलंय, तेंपेला कोण विचारतो. म्हणून निवांत सांगते.

मी पुन्हा मोजलेलं नाही.

का, ते ऐक. पहिली तारीख वाईट आली, तर लगेच दुसरी हजर झाली. ही वाईट आली असती तर तिसरी आली असती. मी बाजारात बसणारी बाई आहे. सकाळी एक भाव, गिऱ्हाईक उठू लागलं की दुसरा, हे मला कुणी शिकवू नये. हरजांती म्हणते की हल्ली फोनच मोजून देतो, जी तारीख टाकाल तिचा निकाल तिथेच. मग त्या पोराला गोड निकाल देणारी तारीख शोधायला असा किती वेळ लागला असेल?

ओळखपत्राची नक्कल परत पाठवतेय. माझंही आहे की ओळखपत्र. त्यावर माझा जन्म एकतीस डिसेंबरचा आहे. कारकुनाने विचारलं, कधीची? मी म्हटलं, सोमवार, लेगी, भुईमूग काढायच्या वेळची. त्याने माझ्याकडे पाहिलं, लेखणीकडे पाहिलं आणि वर्षाचा शेवटचा दिवस टाकून मोकळा झाला. त्या दिवशी ओळीत बसलेल्या अकरा म्हाताऱ्या एकाच तारखेला जन्मल्या. तेव्हा फोनवरची तारीख तशी, कार्डावरची अशी. माझा दोन्हींवर भरवसा नाही.

पोर कधी जन्मलं ते खात्याला ठाऊक नसतं, कार्डालाही नसतं. ज्या बाईच्या पोटात कळ आली तिला ठाऊक असतं. येता सोडून पुढच्या पाहिंगला, चौदा तारखेला, करंगतुरीच्या बाजारात जाऊन येते. तोंड उघडणार नाही. मी कोण ते तिला कळणारही नाही. एक म्हातारी गूळ घ्यायला आली, एवढंच.

आजी


सुराबाया, १० जून

आजी,

जाऊ नका. दमारला कळलं तर तो कसनुसा झाला. म्हणतो, आई गुळाच्या गडबडीत आहे, सुरो संपल्यावर जा. मी म्हटलं, सुरो संपेल तेव्हा तू मकास्सरला असशील. तर म्हणतो, फोन करू. हजार लोकांपुढे न अडखळणारा माणूस माझ्यापुढे अडखळत होता. काहीतरी आहे आणि ते मला सांगत नाही.

तुमचे गुडघे दुखतात, तीन तासांचा रस्ता आहे. खरंच जाऊ नका.

पलुपी


सुंबरदुरेन, सोमवार, वगेचा बाजार
(१६ जून)

पलुपी,

जाऊ नका म्हटलंस, म्हणून जरा लवकरची बस धरली.

शनिवारी सकाळी करंगतुरीला उतरले. परगावी जाताना मी नेसते ती निळी नाही, जुनी तपकिरी बाटिक गुंडाळली होती, डोक्यावरून रुमाल पुढे ओढला होता. गूळवाल्या तिघी बसल्या होत्या. दोघी थोराड. तिसरी पन्नाशीची, पटापट बोलणारी, गिऱ्हाईक पुढे गेलं तरी त्याच्या पाठीशी बोलत राहणारी. ही त्याची आई, हे सांगायला मला खात्याची गरज पडली नाही. मूर्तिनी तिचं नाव.

मी गुळाचे खडे वर-खाली करत बसले. म्हटलं, गूळ बरा आहे पण धुराचा वास मारतो. ती म्हणाली, धुराशिवाय गूळ होतो का, आणि राग आला म्हणून एक खडा फोडून माझ्या हातावर ठेवला. मग मी हळूच विषय काढला. म्हटलं, माझी सून भर बाजारात बाळंत झाली, आता तिचं पोर सारखं बाजारात हुंदडत असतं. अगदी धडधडीत खोटं. पण गळाला लागलं. ती म्हणाली, माझाही इथेच झाला, याच चिंचेखाली. गुरुवार होता, पाहिंगचा बाजार ऐन भरात. तागडीत गूळ होता, गिऱ्हाईक समोर, आणि कळ आली. आजूबाजूच्या बायकांनी आपापल्या ओढण्या धरून आडोसा केला. जन्मताच असा ओरडला की कोंबडीवाल्याची कोंबडी सुटून गेली. येत्या ऑगस्टात तेवीस पुरी होतील.

पोरी, माझी बोटं माझ्या आधीच मोजू लागली. गुरुवारचे आठ, पाहिंगचे नऊ, सतरा. म्हणजे पोराने खोटं सांगितलं ते अकराव्या वर्षी, तुझ्यापाशी कॉफीच्या दुकानात नाही. मी गूळ बांधून घेतला आणि उठले. मला वाटलं, काम झालं.

तर ती म्हणते, "बसा, तेंपेवाल्या आजी. एवढ्या लांब आलात, पलुपीबद्दल काही न विचारताच चाललात?"

हातातला गूळ मी खाली ठेवला. ती हसली नाही.

"ईदला तुमच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली ना ती. मी चारदा पाहिलं. तुमचं तोंड मला पाठ आहे."

बघ. मी रुमाल पुढे ओढून तीन तास बसमध्ये वाकून बसले, आणि माझं तोंड चाळीस हजार घरांत जाऊन आलेलं. एवढ्यांना फुकट बघायला मिळालं, त्यातली ही एक. मी खाली बसले. तिने चहा मागवला.

मग तिने तिचं सांगितलं. पोराने तुझं नाव काढलं तेव्हापासून ती तुझा प्रत्येक कार्यक्रम बघते. एकही झगा घेतला नाही, पण तू कशी बोलतेस, कुणी वाकडं लिहिलं तर कशी उत्तर देतेस, सगळं तिला ठाऊक. तू तिला आवडलीस. म्हणून तिने तुझा जन्मदिवस काढला. गुपचूप. मुलाकडून मुद्दाम विचारलं तर आपण अडलेलो दिसू, म्हणून. कुठून काढला असेल?

तुझ्या खात्यावरून. १६ फेब्रुवारी २०००. बुधवार, पाहिंग. सात नि नऊ सोळा, तिच्या पोराचे सतरा, तेहेतीस. आठ-आठ काढले, उरला एक. ताटातूट. तिने मार्चमध्येच त्याला सांगून टाकलं होतं की ही मुलगी नको. तो तीन महिने ते पोटात घेऊन हिंडत होता. मकास्सरला निघायच्या आधी काहीतरी होईल या आशेवर.

मी विचारलं, कुठल्या सालची म्हणालात? मग मीच तिला सांगितलं. ही पोर दोन हजार एकची आहे. शुक्रवार, पोन. सकाळी नळाला पाणी यायच्या आत जन्मली, मी तिथे होते.

पलुपी, मागे एका पत्रात दमारचं खोटं साल दोन पानं भरून लिहिलंस. स्वतःचं एक ओळभरही नाही. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं. तू बारा वर्षांची असताना खातं उघडायला एक वर्ष वाढवलं असणार, त्याने अकराव्या वर्षी दोन. दोन पोरांनी लहानपणी मोठं व्हायची घाई केली आणि दोन म्हाताऱ्या त्यावर बोटं मोजत बसल्या. आणि आम्हीही कशा, दोघींनीही सरळ तोंडाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मार्चमध्येच उलगडलं असतं. या चुकीतला निम्मा वाटा माझा आहे, तो मी घेतला.

मग आम्ही गुळाच्या टोपलीवर पुन्हा मोजलं. तुझे तेरा, त्याचे सतरा, तीस. आठ-आठ काढले. उरले सहा.

सहा म्हणजे भांडण.

मूर्तिनी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. सहा वाईट नाही, चांगलाही नाही. सहाच्या घरात शांतता नसते, पण ताटातूटही नसते. जन्मभर भांडतात आणि एकाच ताटाशी बसतात. ती म्हणाली, "एक झगे विकायला बोलते, एक खेळावर बोलतो. दुसरं काय उरणार होतं?" मी म्हटलं, माझ्या घरात चाळीस वर्षं एक शब्द नव्हता, त्यापेक्षा हे बरं. तिने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, गुळाचे मात्र पुरते घेतले. ही बाई मला पसंत आहे.

घरी आल्यावर तुझ्या बापाला अंगणात गाठलं. म्हटलं, मी चुकले. तो म्हणाला, "आई, पन्नास वर्षांत तू कधी चुकली नाहीस." मी म्हटलं, चुकले असेन, कुणी येऊन सांगितलं नाही. आज बाजारातही हेच सांगितलं, त्या दोघींपुढे, ज्यांची लग्नं मी पंचविसावर मोडली. एक म्हणाली, बरं झालं मोडलंत, तो माणूस दारुडा निघाला. दुसरीने माझ्याकडे न बघता पैसे मोजले. तेंपे घेतलं आणि गेली. तिचं मी मनात ठेवलंय.

आता काम. रविवारी, बावीस तारखेला, क्लिवोनला मागणी घेऊन या. सुरो लागायला पाच दिवस राहतात. पण त्याआधी दोघांनी आपापल्या खात्यावरची साल खरी करायची. माझ्या अंगणात खोट्या तारखेचं कुणी येणार नाही. माझ्या कार्डावरची खोटी आहे, पण ती कारकुनाची, माझी नाही.

आजी


सुराबाया, १९ जून

आजी,

पत्र वाचून मी जमिनीवर बसले. हसले, रडले, दुकानाच्या बाईंनी पाणी दिलं. माझं साल खरंच माझ्या लक्षात नव्हतं. इतकी वर्षं ते तिथे आहे की मला ते घराच्या नंबरासारखं वाटायला लागलं होतं.

मी दोन मिनिटांत बदललं. दमारने बदललं आणि त्याचं खातं बंद पडलं. आधी खोटं साल होतं हे ती खाती चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं, आता कागदपत्रं तपासून सात दिवसांनी उघडतील, किंवा उघडणारही नाहीत. शनिवारी शहराचा अंतिम सामना आहे. दमार तो त्याच खात्यावरून दाखवणार होता, ते काम आता दुसऱ्याला दिलं. त्याला पाच वर्षं लागली होती तिथे पोचायला.

आम्ही भांडलो. कधी भांडलो नव्हतो असे. तो म्हणाला, तुझ्या आजीच्या बोटांपायी माझं खातं गेलं. मी म्हणाले, तुझ्या अकराव्या वर्षापायी गेलं. तो म्हणाला, तू फक्त एकच वर्ष वाढवलंस म्हणून इतकी पवित्र? मी म्हणाले, आजवर मास म्हटलं ते परत दे. मग तो उठून गेला. काल दिवसभर निरोप नाही. आज एकच आला, की मी करंगतुरीला जाऊन आईला घेऊन येईन, तू तुझी ये.

येईल की नाही माहीत नाही, आजी. म्हणाला तरी येईल की नाही. बाबांना काय सांगू? तांदूळ भिजवू नका अजून.

पलुपी


सुंबरदुरेन, शनिवार, वगेचा बाजार
(२१ जून)

पलुपी,

तांदूळ काल भिजत घातला. केळीची पानं कापून आणलीत, दोन कोंबड्यांना वेगळं बांधलंय. बापाबरोबर तुझे निरोप ऐकणाऱ्या कोंबड्यांतल्या आता दोन कमी.

तुझ्या बापाचं काय विचारतेस. परवा गोठ्यामागे फोन कानाशी धरून बसला होता. मला वाटलं कुणी मेलं. जवळ गेले तर तुझ्या दमारचा जुना सामना लावलेला, कुणीतरी साठवून पाठवलेला, आवाज बारीक करून. जन्मात पहिल्यांदा बारीक केला. मला पाहून स्वतःच म्हणतो, हा पोरगा श्वास कधी घेतो? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लावून बसला.

खातं गेलं याचं मला वाईट वाटतं, हे त्याला सांग. माझ्या सांगण्यावरून गेलं, तेही मी मान्य करते. पण त्याचं तोंड कुणी नेलेलं नाही. ज्याच्याकडे तोंड आहे तो पुन्हा बाजार मांडतो. माझं तेंपेचं छप्पर तीनदा वाऱ्याने नेलं, चौथ्यांदा मी उघड्यावर बसून विकलं, त्या दिवशी जास्त खपलं.

आणि तू घाबरलीस कशाला? भांडण झालं, तर झालं. सहा उरले म्हणून मी सोळा तारखेला लिहून पाठवलं, तुम्ही तीन दिवसांत खरं करून दाखवलंत. माझी मोजणी इतकी लवकर कुणाचीच खरी ठरली नव्हती. हरजांती म्हणते, आजी, तुमची गेलेली पत परत आली.

मूर्तिनीला आणायला त्याला करंगतुरीला जायचं कारण नाही. तिच्याकडे मी कंडक्टरच्या हाती निरोप धाडलाय, ती गूळ घेऊन तिच्या गावाहून थेट येईल. पळवाट मी बुजवलीय, एवढं त्याला कळू दे. हे पत्र आज संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. ते घेऊन त्याच्याकडे जा, वाचून दाखव. रागावलेला असेल तर रागावलेल्याला वाचून दाखव. सकाळी सहाची बस आहे.

वाटेत भांडा. तीन तास आहेत, पोट भरून भांडा. पण एकाच बसने या.

आजी